पंडितरावांनी सोडलेली मोटारसायकल

परवडत नाही म्हणून सायकल चालवणारी माणसं सेलूत शेकड्यानं आहेत. त्यांचा सत्कार कोणी करत नाही. पंडितरावांचा झाला.

पंडितराव एका खासगी कॉलेजात क्लार्क आहेत. घर ते कॉलेज हे अंतर एवढं की, घरातल्या कुकरची शिट्टी टेबलावर बसून ऐकू यावी. तेवढ्यासाठी ते रोज मोटारसायकल काढत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना पोट कमी करायला सांगितलं. पोट कमी करणं ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पृथ्वी वाचवणं ही आहे. म्हणून पंडितरावांनी पृथ्वी वाचवायला घेतली.

पहिली सायकल त्यांनी बजरंगकडून घेतली. बजरंग मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल आहे. त्याच्या बापाच्या वेळची ती काळी, उंच, चोवीस इंची सायकल. तारेऐवजी सळईचे ब्रेक, सीटखाली स्प्रिंगा, मागं लोखंडी कॅरिअर. ती स्वस्तात देऊन बजरंगनं वर भर घातली आणि जुनी मोपेड घेतली. पंडितराव त्यालाच उपदेश करायला लागले.

"बजरंग, पेट्रोलच्या नादी लागलास तू. सायकल म्हणजे निसर्ग, सायकल म्हणजे आरोग्य."

"साहेब, तीस वर्सं म्या निसर्ग वाचवला," बजरंग म्हणाला. "आता गुडघे गेले. ऱ्हायलेला तुमी वाचवा."

टोमणा पंडितरावांच्या डोक्यावरून गेला. पुढच्या भाषणात त्यांनी तो 'एका श्रमिकाचा आशीर्वाद' म्हणून सांगितला.

मग दुसरी सायकल आली, मग तिसरी. एक रिटायर पोस्टमनच्या घरातून, एक भंगाराच्या गाड्यावरून. तिन्ही पोर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि दैवशालाची कपडे वाळत घालायची दोरी गेली. दैवशाला म्हणजे पंडितरावांची बायको. चाकांच्या तारा ती पुसायची, फरशीवरचे तेलाचे डाग ती घासायची. त्या सायकलींवरून दळणाचा डबा मात्र न्यायचा नाही. "जुना माल आहे, त्याच्यावर वजन घालायचं नसतं," असं पंडितरावांचं म्हणणं. त्यामुळे डबा दैवशालाच्या कमरेवर आणि पंडितराव सायकलवर, अशी ती दोघं एकाच रस्त्यानं जाताना आम्ही पाहिली आहेत.

परभणीला सायकलमित्र मंडळाचा कार्यक्रम असला की सायकल टेम्पोत चढायची आणि पंडितराव अध्यक्षांच्या चारचाकीत. हॉलच्या अलीकडं दोघंही उतरत. तिथून पंडितराव सायकल मारत आत शिरत. तोवर कपाळावर बाटलीतलं पाणी शिंपडून झालेलं असे.

एवढं सगळं झालं तरी मोटारसायकल घरातच होती. कापड घालून, भिंतीला लावून, दर रविवारी चालू करून पुन्हा बंद केलेली. दैवशालानं तिला हात लावलेला पंडितरावांना कधी चालला नाही.

गेल्या वर्षी दैवशालाला एका संस्थेचा शिवणवर्ग मिळाला. गाव पाथरी रोडला, आत बारा किलोमीटर. सकाळची बस फार लवकर, नंतरची फार उशिरा, आणि मधली जीप भरल्याशिवाय हलत नाही. दैवशाला पोचायची तेव्हा मुली समाजमंदिराच्या कुलपासमोर पायरीवर बसून कंटाळलेल्या असत. दोन-तीन मुली यायच्या बंद झाल्या. संस्थेची प्रियांका तिला म्हणाली, "काकू, तुमचं शिकवणं चांगलं हाय. पण एक तारखेपासून वेळेवर नाही आलात तर मला दुसरी बाई बघावी लागंल."

लग्नानंतर वीस वर्षांत दैवशालाला स्वतःचं असं मिळालेलं ते पहिलं काम होतं. तिनं त्या रात्री ताट वाढता वाढता विषय काढला.

"अहो, गाडी नुसती उभीच हाय. मी शिकते. शिकाऊ लायसन बी काढलंय."

"मोटारसायकल? बाईमाणसानं?"

"मंग स्कुटी घेऊन द्या."

"मी सगळ्या जिल्ह्याला सांगायलोय गाड्या सोडा मनून, आन् माझ्याच घरात नवी गाडी? तीन सायकली उभ्या हायत. जा की."

"बारा किलोमीटर? त्या उंटावर? माझे पाय तरी पुरतेत का?"

"इच्छा पायजे."

"तुमाला तर लय इच्छा हाय. मंग एक डाव मला तुमीच तिथवर सोडून या, सायकलवर डबल सीट."

पंडितरावांना नेमकी मीटिंग आठवली. पण उठता उठता त्यांनी आनंदाची बातमी दिली. मोटारसायकल जाणार होती. अध्यक्ष नागेशरावांचा हैदराबादेत कोणी ओळखीचा होता. तो ती घेऊन बदल्यात एक विलायती सायकल देणार होता, शंभर वर्षं जुनी. आणि येत्या रविवारी मंडळ पंडितरावांचा सत्कार करणार होतं, पेट्रोलमुक्त घर म्हणून.

"बदल्याचं बाहेर बोलू नको," ते म्हणाले. "लोकांना त्याग समजत नाही."

दैवशालानं खरकटं काढलं.

रविवारी सकाळी नागेशराव दोन सभासदांना घेऊन पंडितरावांना न्यायला आले, चारचाकीतून. नागेशरावांचा धंदा प्लॉटिंगचा. पोर्चमध्ये खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि दैवशालाचे वडील येडबा खाली उतरले. मागून तिचा भाऊ आदिनाथ.

येडबांचं गाव जिंतूरकडच्या डोंगरात. सगळं आयुष्य मेंढरामागं गेलं. आदिनाथनं त्यांना मोबाइलवर जावयाचा व्हिडिओ दाखवला होता. भंगारातली सायकल, त्यावर पंडितराव, आणि खाली लिहिलेलं की यांनी गाडी सोडली. ते पाहून म्हाताऱ्यानं पोराला घेऊन पहिली जीप धरली.

त्याला कारण होतं. लग्नात पंडितराव पंगतीत पानावर रुसून बसले होते. हात जोडून विचारलं तरी एकच बोलणं, "मला काही नको." आमच्याकडं नवरदेवाच्या या वाक्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. शोरूममधून उधारीवर मोटारसायकल मांडवात आली, तेव्हा पंडितरावांनी जिलेबीचा तुकडा मोडला. पुढच्या आठवड्यात येडबांचा अर्धा कळप बाजारात गेला.

येडबा खुर्चीवर बसले नाहीत. पायरीवर उकिडवे बसून त्यांनी फेटा सारखा केला.

"जावईबापू, काय चुकलं आमचं?"

"काही नाही मामा. असं कामून मनायलात?"

"मंग गाडी कामून सोडली? सगळ्या मुलखाला दिसायलंय, तुमी मोडक्या सायकलीवर फिरायलात. चारचाकी पायजे का?"

नागेशरावांचा चहा बशीत सांडला.

"छे छे! मामा, मला काही नको."

येडबांनी पोराकडं पाहिलं. "ऐकलंस? तवा बी असंच मनले होते."

"अहो, मी राजीखुशीनं सोडली! देवाशपथ सांगतो, मला काही म्हणजे काही नको!"

"लय नाराज हायत," म्हातारा हळूच म्हणाला. "आदिनाथ, व्यापाऱ्याला फोन लाव. ऱ्हायलेली मेंढरं बगून जा मनावं."

एक सभासद खोकला. नागेशरावांना मध्ये पडावंच लागलं. "बाबा, गैरसमज होतोय तुमचा. तुमचा जावई थोर माणूस आहे. त्याग केलाय त्यांनी."

"त्याग मंजे?"

"मंजे सोडलं, दादा," ट्रे धरून उभी असलेली दैवशाला बापाला म्हणाली. "एकदा सोडलं की त्याच्यावर आपला हक्क न्हाई. व्हय ना ओ नागेशभाऊ?"

"अगदी बरोबर, वहिनी. आसक्तीच नाही."

"मंग दादा, तुमची वस्तू तुमी परत घ्या. ह्यांच्या घरातून पेट्रोल बी जाईल आन् तुमची मेंढरं बी ऱ्हातील."

"अगं, पण ते ठरलंय..." पंडितराव अर्धवट उठले. नागेशरावांनी डोळ्यानं दटावलं. त्यागाच्या बदल्यात सायकल येणार आहे, हे त्या दोन सभासदांनाही माहीत नव्हतं.

"काय ठरलंय, दाजी?" आदिनाथनं सरळ विचारलं.

"काही नाही," पंडितराव म्हणाले.

"आन मंग किल्ली, दैवशाला," येडबा म्हणाले.

किल्ली पंडितरावांच्याच खिशात होती. ती त्यांनी काढली, तेव्हा एका सभासदानं फोटो घेतला, त्यामुळे हसावं लागलं. मोटारसायकल इतकी वर्षं ज्यांच्यामुळं चालवली, त्या माणसाच्या हातात त्यांनी ती किल्ली दोन बोटांनी सोडली. स्पर्श होऊ न देता.

म्हाताऱ्यानं किल्ली उलटीसुलटी केली. "मी काय करू हिचं? मेंढरामागं हिला पळवू?" आणि लेकीच्या ट्रेमध्ये, रिकाम्या कपांच्या मधोमध ठेवली. "तुझी तुला. तवा काय तुला पायजे होती मनून दिली न्हवती. आता घे."

पंडितराव सत्काराला गेले. शाल मिळाली, नारळ मिळाला. भाषणात त्यांनी सासऱ्यांचं उदाहरण दिलं, कशी साधी माणसं नुसत्या कृतीनं भारावतात याचं. रात्री घरी येऊन जेवले नाहीत. दैवशालानं ताट झाकून ठेवलं. सकाळी ते तसंच होतं, तेव्हा तिनं भाकरी गायीला घातली आणि भांडं विसळून टाकलं. दुसऱ्या रात्री ते न बोलवता जेवायला बसले.

येडबा मात्र त्या रविवारी समाधानानं गेले नाहीत. जीपमध्ये चढताना त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. "तरी इचारून बग त्यायला. मेंढरं हायत अजून."

"इचारते," दैवशाला म्हणाली. तिनं विचारलं नाही.

आदिनाथ चार दिवस राहिला. जिनिंग मिलमागच्या मोकळ्या मैदानात त्यानं बहिणीला क्लच-गिअर शिकवलं. तिनं साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला म्हणून गल्लीतल्या सत्यशीलाबाईंनी गच्चीवरून नावं ठेवली आणि रोज वेळेवर बघायलाही आल्या. दैवशाला दोनदा पडली. एकदा कोपर फुटलं. पंडितरावांनी जखम पाहून, "मी सांगत होतो," एवढंच म्हटलं आणि सायकलींना तेल कोण घालणार, ते विचारलं.

एक तारखेला ती निघाली. गल्लीच्या वळणावर गाडी बंद पडली, रेल्वे फाटकापाशी पुन्हा. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, कोणी काय काय बोललं. तिनं किक मारली आणि निघाली.

समाजमंदिराची पायरी मोकळी होती. मुली अजून यायच्या होत्या. दैवशालानं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि ओल्या फडक्यानं एकेक मशीन पुसायला लागली.