गुंदच्या घरातली लिंपलेली चूल

गुंद गावातल्या त्या घराची फिर्याद अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या, दोन खूनही पाहिले. त्यांतलं बरंचसं विसरले. ही मात्र विसरले नाही.

मी पोलिसात झडतीबाई होते. कॅसलरॉक स्टेशनावर गोव्याकडून उतरणाऱ्या बायकांची झडती घ्यायची, हे माझं काम. घाटाखाली फिरंग्यांचं राज्य होतं आणि वर इंग्रजांचं. बाईच्या अंगाला शिपायानं हात लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून मला ठेवलेली. शाळा चौथीपर्यंत. आसपासच्या ठाण्यात कुठे बाई धरली की मलाच बैलगाडीत घालून नेत.

त्या आषाढात सुप्याच्या ठाण्यातून निरोप आला. गुंदला एका परक्या बाईनं कुलूप फोडून ठेकेदाराच्या घरात मुक्काम ठोकला आहे, अशी खबर एका दलालानं दिली होती. ठेकेदार लाकडाचा. घर दोन पावसाळे ओस होतं आणि ते त्यानं माणसं ठेवायला घेतलं होतं, असं खबरीत लिहिलं होतं. सोबत पंचांचा कागद होता: घरात चूल नाही, दारात तुळस नाही, कोणी राहत नाही.

मी पोचले तेव्हा ती बाई कोठडीत बसली होती. पन्नाशीची कुणबीण, अंगात ताप. झडती घेतली. कमरेला तंबाखूची चंची, दुसरं काही नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक विळ्यानं कधीतरी गेलेलं.

फौजदार बेळगावकडचा, कामाला चोख, पण जंगलात बदली झाली म्हणून सदा चिडलेला. त्यानं दाराबाहेरूनच विचारलं, "कुलूप तूच फोडलंस?"

"व्हय."

"कशानं?"

"धोंड्यानं. हातानं फुटत न्हाई ते."

शिपाई हसला. फौजदार हसला नाही. "दुसऱ्याच्या घराचं कुलूप फोडलं की तुरुंग असतो, ठाऊक आहे?"

"घर माझं हाय. कुलूप दुसऱ्याचं हाय. कुलपाचं काय ते घ्या भरून."

फौजदार माझ्याकडे वळला. "बाई, हिला बोलती करा. मला कानडीत शिव्या द्यायची वेळ आणू नका."

मी तिच्यासमोर बसले. थापा मारणारी बाई आधी रडते आणि मग सांगते. हिनं आधी आपली तंबाखू परत मागितली. नवरा आणि दोन्ही मुलगे दोन वर्षांत तापानं गेले होते. एकटीनं शेत निभत नव्हतं. घर विकून खानापूरकडे बहिणीजवळ जायचं तिनं ठरवलं.

"विकायला कुणाला धरलंस?"

"दोघं हुते. रामनगरचा एक वाणी. तो दारातनंच बोलला, कौलं फुटल्यात, वासा वाकलाय, एवढं एवढं मिळंल, पटलं तर बघ. दुसरा हा, बैलांची दलाली करतोय तो. आत आला, पाणी प्याला, आईला म्हणावं तसं आव्वा म्हणाला. माझ्या पोरांची नावं इचारली."

"आणि तू ह्याला धरलंस."

"पोरांची नावं कुणी इचारतंय व्हय, आक्का, आता?"

वाण्यानं तिच्या घरातले दोष तिच्या तोंडावर सांगितले होते, म्हणजे तो गिऱ्हाईक खरंच आणणार होता. पण हे तिला तेव्हा कळणार कसं?

दलालानं तिला घर तयार करायला सांगितलं. भिंतींना पांढरी माती दे. भुई सारव. धुरकट चूल बघून गिऱ्हाईक मागं फिरतं, तेव्हा चूल काढ आणि जागा लिंपून टाक. तुळस उचल, नवा मालक आपली लावील. रिकामं घर मोठं दिसतं, तू महिनाभर जावेच्या गोठ्यात राहा. हे सगळं तिनं वैशाखात आपल्या हातानं केलं. मग त्यानं पंच आणले आणि तिला एका कागदावर अंगठा द्यायला लावला. गिऱ्हाइकाला दाखवायला, म्हणाला. तो राजीनामा होता. मी घर सोडलं, माझा हक्क नाही, असा तो कागद. तिनं घर जितकं चांगलं तयार केलं, तितकं ते ओस पडल्याचं दिसत गेलं. आषाढात गोठा गळायला लागला तशी ती घरी परतली, तर दाराला दुसऱ्याचं कुलूप. तिनं ते फोडलं, तीन धोंडे मांडले आणि पेज शिजवली. तेवढ्यात शिपाई आले.

मी फौजदाराला म्हटलं, "साहेब, घर बघायला चला."

"पंचांनी बघितलंय."

"पंच बाप्ये होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गुंदला गेलो. ती बाई, दलाल, दोन शिपाई. दलाल गोरागोमटा, कपड्याला चिखल लागू न देणारा. वाटेत त्यानं मला आक्का म्हणून विडा देऊ केला. मी घेतला नाही.

जंगलातलं घर दोन पावसाळे ओस पडलं की भुईला वारूळ येतं आणि कोपऱ्यात गवत उगवतं. इथे भुई सपाट होती. फौजदारानं दलालाला विचारलं, "हे सारवलं कोणी?"

"ठेकेदाराच्या माणसांनी, साहेब."

मी विचारलं, "बाया की बाप्ये?"

"बाप्येच. बाया कुठल्या आणणार?"

"लाकडं तोडणारे बाप्ये भुई सारवतात व्हय? मग माझ्या घरी पण एक पाठवून दे."

शिपाई मोठ्यानं हसले. दलालही हसला.

मी दार पूर्ण उघडलं आणि फौजदाराला वाकून बघायला सांगितलं. सारवताना बोटांचे पट्टे उठतात. त्या भुईवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्रत्येक फेऱ्यात मधला पट्टा आखूड होता. मी त्या बाईला बसवलं आणि तिचा हात एका फेऱ्यावर ठेवला. बरोबर बसला. दुसऱ्या फेऱ्यावर ठेवला, तिथेही बसला. ती म्हणाली, "घाईत सारवलंय, आक्का. एरवी बरं सारवते मी."

मग चुलीची जागा. शिपायाला सांगून लिंपण फोडायला लावलं. मातीत भाताचा तूस कालवलेला होता आणि तो अजून पिवळा होता. एक पावसाळा जरी गेला असता तरी तो काळा पडून कुजला असता. खाली राख आणि कोळसे निघाले.

फौजदारानं तूस बोटात धरून दलालाच्या नाकापुढे नेला. "दोन पावसाळे ओस, काय रे?"

दलालानं आधी ठेकेदारावर ढकललं, मग पंचांवर. शेवटी म्हणाला, "मी सांगितलं तिला, व्हय. चूल काढ म्हटलं. पण काढली तिनंच. अंगठा पण तिनंच दिला. मी हात धरला न्हाई."

हे खोटं नव्हतं, आणि तिथेच सगळं अडलं.

परतताना मला वाटत होतं, काम फत्ते झालं. ठाण्यात आल्यावर फौजदारानं मला सरळ सांगितलं, "घरफोडीची फिर्याद खोटी ठरेल, ती मी काढून टाकतो. दलालावर फसवणुकीचा रिपोर्ट वर पाठवतो. पण राजीनामा दप्तरात गेलाय, घर ठेकेदाराच्या नावावर चढलंय. ते उतरवायला दिवाणी दावा लागतो. कारवारला."

"कारवारला ती जाणार कशी?"

"मला विचारू नका, बाई. मी फौजदार आहे."

वरून हुकूम यायला बारा दिवस लागले. तोवर ती कोठडीत आणि मी तिच्या पहाऱ्यावर. तिचा ताप उतरला. दोन वेळा भाकरी मिळत होती, अंगावर कोरडं घोंगडं होतं. बहिणीकडे निरोप पाठवला होता. बहीण मागच्याच वर्षी वारली, असं उत्तर आलं. धरलेला दलाल जामिनावर सुटला आणि तारखेला आलाच नाही. तो आगगाडीत बसून गोव्यात उतरला होता, माझ्याच कॅसलरॉकवरून. मी तिथे असते तरी फरक पडला नसता. मी फक्त बायकांची झडती घेत होते. पंचांनी आपला कागद बदलायला नकार दिला. ठेकेदार म्हणाला, मी दलालाकडून घेतलं, मला काय ठाऊक.

हुकूम आला त्या दिवशी धो धो पाऊस होता. शिपायानं कोठडीचं दार उघडलं आणि म्हणाला, "चल गे, सुटलीस. तुझं खरं ठरलं."

ती जागची हलली नाही.

"ऐकू येत न्हाई? घरी जा."

"कंच्या घरी?"

शिपाई माझ्याकडे बघायला लागला.

ती म्हणाली, "आक्का, त्या सायबाला सांग, कुलूप मीच फोडलं म्हणून लिहा. दुसऱ्याचं घर फोडलं म्हणून लिहा. मी अंगठा देते."

मी फौजदाराकडे गेले. त्यानं मान वर न करता सांगितलं, "निर्दोष माणसाला एक तासही ठेवता येत नाही. बाहेर काढा तिला."

शिपायानं बाईला हात लावायचा नाही. म्हणून ते काम माझंच. मी तिचा दंड धरला आणि तिला पायरीखाली आणली. घोंगडं सरकारी होतं, ते काढून घ्यावं लागलं. ती खानापूरच्या रस्त्यानं गेली नाही, गुंदच्या रस्त्यानं गेली.

भाद्रपदात मला पुन्हा गाडीतून नेली, बाईचं प्रेत तपासायला. ती जावेच्या त्याच गळक्या गोठ्यात मेली होती. जाऊ घाबरून ओळख देईना, म्हणून कागदावर बेवारस असं लिहिलं. अंगावर मार नाही, जखम नाही, एवढं मी सांगितलं. ते खरं होतं.

खरं शोधून काढलं की पोलिसाचं काम झालं, असं मी त्या फिर्यादीपर्यंत धरून चालत होते. पुढे कुठल्याही बाईला सोडायचा हुकूम आला की मी तिला आधी विचारायची, "जाणार कुठं?" नोकरी संपेपर्यंत विचारत राहिले. निम्म्या बायका उत्तर देत नसत. आणि मी त्यांना दंड धरून बाहेर आणतच होते.