पावसाविरुद्ध लेखी तक्रार

पावसाने आपला विश्वासघात केला, असं लेखी निवेदन घेऊन सरकारी कचेरीत गेलेला माणूस सबंध महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो आमच्या हिचा सख्खा मामा आहे. मी सोबत होतो, म्हणून शपथेवर सांगतो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि विचारलं, "काका, तक्रार नेमकी कुणाविरुद्ध?" मामा शांतपणे म्हणाले, "पावसाविरुद्ध. त्यानं वागणूक बदलली आणि कुणाला कळवलं न्हाय. तुमच्या तक्त्यात अजून जुनाच पाऊस हाय." रांगेतले लोक माझ्याकडे बघायला लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. कारकुनाने पोचेचा शिक्का मारून दिला. बाहेर आल्यावर मामांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. या तक्रारीचं कारण पुढे येईलच.

धक्के देण्याची मामांची सवय मला लग्नापासून ठाऊक आहे. नवा जावई म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा पांढऱ्या रश्श्याची वाटी मी नुकती तोंडाला लावली होती. पत्र्यावर सरी वाजल्या आणि मामा ताटावरून ताडकन उठले. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मैद्याने भरलेली परात घेऊन गच्चीवर धावले. मला वाटलं, घरात काहीतरी अघटित घडलं. मी खरकट्या हाताने मागे गेलो, तर हे छत्रीखाली परात धरून उभे. घड्याळ बघून त्यांनी क्षणभर छत्री बाजूला केली, थेंब मैद्यात पडू दिले आणि छत्री परत ओढून घेतली. थेंबाथेंबाची पिठात गोळी झाली होती. त्या गोळ्या वाळवून, चाळणीने चाळून, कुठल्या आकाराच्या किती ते वहीत लिहायचं, हा त्यांचा पावसाळ्यातला उद्योग. मामी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बसा जावईबापू. आमच्यात पीठ भिजवायला पाणी लागत न्हाय, ढग लागतो."

मामा दूरध्वनी खात्याच्या बिनतारी विभागातून निवृत्त झाले. एका डोंगरावरच्या तबकडीतून दुसऱ्या डोंगरावरच्या तबकडीत आवाज फेकायचा, यात त्यांची उमर गेली. त्यामुळे पाऊस म्हटला की लोकांना भजी आठवतात आणि यांना सिग्नल आठवतो. मला त्यांनी एकदा समजावलं, "पावणं, वरच्या फ्रिक्वेन्सीची लाट म्हंजे नाजूक बाई. चित्र, आवाज, सगळं वझं एकटी उचलती. पर वाटंत जाड थेंब आला की तितंच मटकन बसती. बारीक थेंब असला तर जाती अंग चोरून." फुटबॉलची मॅच रंगात आलेली असताना टीव्हीवर चित्राचे चौकोन चौकोन झाले की अख्खी गल्ली मामांना हाका मारते. इथे कोरडं ठणठणीत असतं, पण मामा दक्षिणेकडे बोट करतात. "तुमची टीव्हीची छत्री तिकडं तोंड करून बसलीया, तिच्या वाटंत पाऊस उभा हाय. दहा मिनिटं कळ काढा की!" आणि बरोबर दहा मिनिटांनी चित्र येतं. लोकांना ते अजूनही जादू वाटते.

वहीतल्या गोळ्या मात्र दर वर्षी मोठ्या होत चालल्या होत्या. पूर्वी आठ-आठ दिवस मोहरीसारखी बारीक रिपरिप चालायची, त्या पावसात लाटेला काही होत नसे. आता पंधरा दिवस ऊन, आणि मग तासाभरात महिन्याचा पाऊस, तुरीएवढ्या गोळ्यांचा. मामा ते बघून चिडायचे. "ही काय रीत झाली?" असं आभाळाकडे बघून मोठ्याने विचारायचे. पण ते खरं मानायला मन तयार नसायचं. नव्या वह्यांतला पाऊस ते 'चुकार' म्हणून लाल शाईने लिहीत आणि हिशेब मात्र जुन्या, निळ्या शाईच्या वह्यांवरूनच करत.

त्या हिशेबावर त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लाडकं काम केलं होतं. त्यांची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्काच म्हणतो, बिद्रीच्या अलीकडे एका खेड्यात ओढ्याकाठच्या घरात एकटी राहायची. काही केल्या घर सोडेना. शेवटी मामांनी अट घातली, "ऱ्हा, पर रोज सांजच्याला सात वाजता मला तोंड दाखवायचं." खोलगट गाव, मोबाईल कधी लागे कधी नाही. म्हणून रीतसर परवानग्या काढून त्यांनी स्वतःच्या गच्चीवर एक तबकडी बसवली, मधल्या टेकडीवर एक जोडी आणि आक्काच्या परसात एक. सिग्नलची ताकद इतकी हातची राखली की निळ्या वह्यांतला कसलाही पाऊस आला तरी चित्र हलू नये. रोज सातला आक्का पडद्यावर यायची, पदर सारखा करायची, आणि दोघं बहीणभाऊ आमटीत मीठ किती पडलं यावर अर्धा तास भांडायची. मी ते पाहिलंय. इतकं सुंदर भांडण मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग तो ऑक्टोबर आला. दसरा होऊन गेला होता. दुपारचे चार वाजलेले, पेठेत लख्ख ऊन. मी काही कामासाठी त्यांच्याकडे गेलो होतो आणि चहा पीत होतो. सिग्नलच्या डबीवरचा आकडा घसरायला लागला. घसरत घसरत गेला आणि मेला. मी सहज म्हणालो, "तिकडं पाऊस असेल, मामा." ते हसले. "आक्टोबरात? एवढा? वही बघा पावणं, आजवर न्हाय पडला. नट ढिला झालाय." पाना घेऊन ते गच्चीवर गेले. त्यांनी नट आवळले, वायर बदलली, तबकडी केसाएवढी डावीकडे, केसाएवढी उजवीकडे करून पाहिली. मामींनी आक्काचा मोबाईल लावला, लागला नाही, कारण तिथला टॉवरही तसल्याच तबकडीवर चालतो. "त्यांच्या गावच्या डेअरीत तारेचा फोन हाय, लावू का?" असं त्यांनी विचारलं. मामा वरून ओरडले, "कशाला लोकांस्नी तरास? माझीच मशीन बिघडलीया!" आणि मी दुसरा कप चहा घेतला. हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

सहाच्या सुमाराला डेअरीतूनच फोन आला. ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. ओढा आक्काच्या मागच्या दारातून शिरून पुढच्या दाराने निघाला होता. आक्का स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून खिडकीचे गज धरून दीड तास उभी होती. लोकांनी दोर टाकून तिला काढलं. जिवंत होती. मामांनी ऐकलं आणि हातातला पाना तसाच घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. दोन तास ते यंत्र त्यांना सांगत होतं, की तुझ्या बहिणीच्या वाटेवर भयंकर पाऊस कोसळतोय, आणि जन्मभर यंत्राची भाषा शिकलेल्या माणसाने नेमकं त्याच दिवशी त्यालाच खोटं पाडलं होतं. एक फोन केला असता, तर डेअरीच्या माणसांनी तिला चारलाच वरच्या आळीत नेलं असतं.

आम्ही लांबून वळसा घालून गावात पोचलो. शाळेच्या व्हरांड्यात आक्का कुणाच्या तरी घोंगडीत गुंडाळून बसली होती. मामांना बघून म्हणाली, "सात वाजून गेलं की रं. तू वाट बघत बसला आसशील, त्योच घोर लागलता." मामा तिच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. "आक्का, मला समदं दिसत हुतं गं. म्या बघितलं न्हाय." त्यानंतर आठ दिवसांनी ते अर्ज घेऊन कचेरीत गेले. अर्ज पावसाविरुद्ध होता, पण राग कुणावर होता ते मला तिथे रांगेतच कळलं होतं.

आक्का दिवाळीपर्यंत कोल्हापुरात राहिली आणि मग परत गेली. आता ती वरच्या आळीत, चुलत पुतण्याच्या शेजारच्या खोलीत राहते. मामांनी तबकड्या उतरवल्या आणि खालच्या फ्रिक्वेन्सीचा एक जाडजूड संच बसवला. त्या लाटेला पाऊस अडवत नाही, बारीक असो की तुरीएवढा. मात्र तिला चित्राचं ओझं उचलत नाही, फक्त आवाज जातो. मी म्हणालो, "मामा, तोंड दिसणार नाही की." ते म्हणाले, "नसू दे. तुटायचं न्हाय."

परवा पावसात भिजत त्यांच्याकडे गेलो, तर सात वाजले होते. बाहेर नुसतं कोसळत होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मामा संचाला कान लावून बसले होते. आमटीच्या मिठाचं नेहमीचं भांडण झालं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आक्का, आज कंचं लुगडं नेसलीस?"

"हिरवं," पलीकडून आवाज आला.

मामांनी डोळे मिटले आणि मान हलवली.