एका महिन्याच्या आत

नव्वदच्या दशकात कानडी मुलखातल्या चिकपेटेत आमचं टेलरिंगचं दुकान होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोट कापायचे. एका सकाळी दुकानाच्या पायरीवरून ते घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर आणि दुकानाला कुलूप.

आईनं सगळ्यांना सांगितलं, ते तिरुपतीला गेलेत. कारण मी होते. कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इथे आलेल्या एका मुलाचे आईवडील पुण्याहून मला बघायला येणार होते.

"कापणाऱ्याचा हातच मोडला म्हटल्यावर ते काय म्हणतील? तोवर कुणाजवळ बोलायचं नाही," आई म्हणाली. मला हे सांगायची गरज नव्हती. मी तशीही कुणाशी बोलत नसे.

अण्णांचा अपघात विमा होता. हात चालेपर्यंत दर आठवड्याला भरपाई मिळायची होती, आणि दुकान टिकणार ते त्यावरच. पण अण्णा निवांत होते. "स्वल्प थांब. बरा झालो की एकदमच कळवू. अर्ध्या शिवलेल्या कोटाचं बिल कुणी करतं का?"

पॉलिसी इंग्रजीत, म्हणून मी वाचायला घेतली. अपघातानंतर एका महिन्याच्या आत लेखी कळवायला हवं, नाहीतर दावा नाकारला जाऊ शकतो, असं त्यात स्पष्ट होतं. महिना संपत आला होता. मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा अण्णाही म्हणाले, आता थांबायचं नाही.

अडचण एकच. विमा काढून देणारे काका आमच्याच समाजातले होते. कुणाची सोयरीक कुठे मोडली, हे देवळात सर्वांत आधी तेच सांगायचे.

"त्याला सांगणं म्हणजे दवंडीच," आई म्हणाली.

"सरी, बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "पण दुकान गेल्यावर काय लपवणार आहेस? जा पोरी, तूच जा."

काकांच्या दारात मी बराच वेळ उभी राहिले. "अगं, आत ये! इतकी वर्षं देवळात बघतोय, तुझा आवाज काही ऐकला नाही."

मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "प्लीज, कुणाला सांगू नका."

ते हसले नाहीत. "लग्नाच्या गोष्टी मी सांगतो, ते वेगळं. गिऱ्हाइकाचं दुखणं मी कधी सांगितलंय? चल, लिही पत्र. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं."

त्याच दुपारी ते मला रिक्षानं विम्याच्या ऑफिसात घेऊन गेले आणि पत्राच्या प्रतीवर शिक्का घेऊनच बाहेर पडले. महिना अजून भरला नव्हता.

पुण्याची मंडळी आली तेव्हा आईनं अण्णांच्या खांद्यावर शाल टाकली होती. त्यांनी ती बाजूला केली. "हात मोडलाय, जोडता येत नाही. नमस्कार तोंडानंच घ्या." मुलाची आई तेवढी मोकळं हसली. ती सोयरीक जुळली नाही, पण त्याला कारण हात नव्हता. त्या मुलाला बोलकी मुलगी हवी होती.

दावा मंजूर झाला आणि दुकान टिकलं. हात बरा झाल्यावर अण्णांनी पहिला कापला तो काकांचा शर्ट, आणि शिलाई काही घेतली नाही. कॉलर घट्ट झालीय, हे काकांनी अख्ख्या चिकपेटेला सांगितलं. मनगटाबद्दल मात्र त्यांच्या तोंडून कुणी कधी काही ऐकलं नाही.