मी व्हायरस म्हणाले

ताईचा लॅपटॉप दाजींच्या पुण्यातल्या मावसभावानं दिलेला होता. त्याच्या ऑफिसात नवी मशीन आली, जुनी निघाली, त्यातलं एक इस्लामपूरला ताईच्या घरी येऊन पोचलं. दगडासारखा जड, पडदा काळा-पांढरा, बॅटरी केव्हाच गेलेली. वायर निघाली की बंद. तरी गल्लीतली माणसं तो बघायला यायची. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी कोरेगावहून ताईच्या सासरी राहायला आले होते आणि रोज एसटीनं सांगलीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे.

ताई हायस्कूलमध्ये शिकवत होती आणि एम.फिल. करत होती. वाळवा तालुक्यातल्या खेड्यांत ज्या मुली पहिल्यांदा शाळेत गेल्या त्यांच्यावर तिचा प्रबंध होता. त्या मुली आता साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. ताई आणि तिच्या शाळेतल्या एक मॅडम रविवारी गावोगाव जाऊन त्यांच्याशी बोलायच्या. खरं सांगायचं तर मॅडमच ताईला घेऊन जायच्या. ताई वही उघडून बसली की बायका गप्प व्हायच्या. मॅडम शेंगा फोडायला बसायच्या आणि बाया आपोआप बोलायला लागायच्या. एका आजींनी सांगितलं होतं, की चौथी शिकून सासरी आले, पण मला वाचता येतं हे घरात वीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. 

हे सगळं दोघी लॅपटॉपवर उतरवायच्या. त्यात मराठी लिहायची सोय नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. एक ओळ वाचायला मला मिनिट लागायचं, त्या दोघी भराभर वाचायच्या आणि हसायच्या. एकदा मजकूर आत गेला की ताई कच्च्या वह्या रद्दीत टाकायची. इतका तिचा त्या यंत्रावर भरवसा.

मॅडम बौद्ध होत्या. त्या घरी आल्या की चहाला नको म्हणायच्या, "शाळेत झाला." ताईच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून बसवणाऱ्या. पण मॅडमना त्या आग्रह करायच्या नाहीत. मी ते बघत होते आणि त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत डिस्क भरली. काही साठवायला गेलं की जागा नाही म्हणून सूचना यायची. क्लासला सरांनी नुकतंच फॉरमॅट शिकवलं होतं, मशीन एकदम कोरं कसं करायचं ते. मी ताईला म्हटलं, "मी करून देते, नव्यासारखं चालेल." मॅडम तिथंच होत्या. त्यांनी टाईप केलेल्या दोन मुलाखतींची फ्लॉपी द्यायला आल्या होत्या.

"आधी सगळं फ्लॉपीवर घे," त्या म्हणाल्या. "आणि ती फ्लॉपी शाळेतल्या मशीनवर उघडून बघ. उघडली तरच पुढं जा. घाई करू नकोस."

"मला माहीत आहे, मॅडम," मी म्हटलं. कोर्स मी करत होते आणि शिकवत त्या होत्या, याचा मला राग आला होता. त्या कॉम्प्युटर कुठल्याही क्लासला न जाता शाळेतल्या मशीनवर शिकल्या होत्या, तेही मला कुठंतरी खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि दाजी लग्नाला साताऱ्याला गेले. दुपारी आत्या झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. क्लासमधून आणलेल्या जुन्या फ्लॉप्यांवर सगळं घेतलं. तीन लागल्या. शाळेला सुट्टी, मशीन कुलपात, मग उघडून कुठं बघणार, असं मी स्वतःला समजावलं. चार दिवस थांबता आलं असतं. पण मला ताई परत यायच्या आत करून दाखवायचं होतं.

मशीननं विचारलं, सगळा मजकूर जाईल, पुढं जायचं का? मी हो म्हटलं. आकडे शंभरापर्यंत चढले. शेवटी डिस्कला नाव काय द्यायचं असं विचारलं, तर मी मोठ्या हौसेनं 'नवीन' असं टाईप केलं.

मग पहिली फ्लॉपी घातली. खर्र खर्र आवाज आला आणि वाचता येत नाही अशी सूचना आली. दुसरीचं तेच. तिसरी उघडली, तिच्यात ताईच्या शाळेची वेळापत्रकं आणि नववीच्या चाचणीचे प्रश्न होते, मुलाखती नव्हत्या. मी त्या दोन फ्लॉप्या किती वेळा घातल्या आणि काढल्या, मोजलं नाही. ओढणीनं पुसल्या, फुंकर घातली. आत्या उठून बाहेर आल्या, म्हणाल्या, "काय गं पोरी, ताप आलाय काय?"

संध्याकाळी ताई आली. साडीही बदलली नव्हती. लॅपटॉपसमोर मला तशी बसलेली बघून म्हणाली, "काय झालं?"

"व्हायरस आला," मी म्हणाले. "सगळं गेलं."

"कुठनं आला?"

टेबलावर मॅडमनी दिलेली फ्लॉपी पडली होती, तिच्याकडे माझी नजर गेली. ती मुद्दाम गेली का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. गेली होती. "बाहेरची फ्लॉपी घातली की येतो," मी म्हटलं.

ताई खुर्चीवर बसली. आत्या दारातून म्हणाल्या, "मी कवापास्नं सांगतीया, आपलं काम आपुन करावं. कुणालाबी घरात घ्यायचं आन् मग रडायचं." ताई एरवी अशा बोलण्यावर आत्यांना उत्तर द्यायची. त्या दिवशी दिलं नाही. मॅडमची फ्लॉपी मी उचलली, व्हायरस पसरेल म्हणून सांगितलं आणि बंबात टाकली. तिच्यात काहीच खराब नव्हतं. दोन मुलाखती होत्या, त्यांची दुसरी प्रत नव्हती, त्याही गेल्या.

दोन दिवसांनी मॅडम आल्या. ताईनं त्यांना आत या म्हटलं नाही. दारातच सांगितलं, "तुमच्या फ्लॉपीतनं व्हायरस आला. वर्षाचं काम गेलं माझं."

"माझं," ती म्हणाली. 'आपलं' नाही म्हणाली.

"मी बघू का?" मॅडमनी विचारलं. ताई बाजूला झाली. मॅडमनी उभ्याउभ्याच मशीन चालू केलं आणि डिस्कवर काय काय आहे ते मशीनला विचारलं. पडद्यावर पहिल्याच ओळीत डिस्कचं नाव आलं : नवीन. व्हायरस डिस्कचं बारसं करत नाही. ताईला ते कळण्यासारखं नव्हतं. मॅडमना कळलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू फॉरमॅट केलंस का?"

"नाही," मी म्हणाले.

मॅडमनी मशीन बंद केलं, चपला घातल्या आणि गेल्या. ताईशी त्यांचं बोलणं पुढं शाळेच्या कामापुरतं राहिलं. एम.फिल. ताईनं सोडलं. पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला आणि घरात कुणी त्या प्रबंधाचं नाव काढलं नाही.

मला साताऱ्यात एका क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली. मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचे, फॉरमॅट करण्याआधी फ्लॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मॅडमचंच वाक्य, आणि ते मी माझं म्हणून सांगत होते. दोन वर्षं गेली. मग एका सुट्टीत इस्लामपूरला जाऊन मी ताईला सगळं सांगितलं. ती पोराच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "त्याच महिन्यात. त्यांच्या शाळेच्या कामाच्या फ्लॉप्या सगळ्या नीट चालत होत्या, व्हायरस असता तर त्याही गेल्या असत्या."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? दारात उभं करून बोलले होते त्यांना." तिनं एक झबलं उलगडून त्याची पुन्हा घडी घातली. "आणि त्या यायच्या बंद झाल्यापासनं आत्यांची कुरकुर थांबली होती. मला घरात बरं वाटत होतं गं." हे सांगताना तिनं वर पाहिलं नाही. आम्ही दोघी बहिणी, दोघींनी मिळून केलेलं ते. मी ते खोटं तिच्यावर सोपवलं आणि तिनं ते ठेवून घेतलं.

मॅडमची तोवर बदली झाली होती. सांगलीजवळच्या एका गावात राहत होत्या. मी एकटी गेले. त्यांनी दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. मी बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं, फ्लॉपी बंबात टाकल्याचंसुद्धा. त्यांना ते मात्र माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"त्या फ्लॉपीतल्या दोघींपैकी एक आजी वारल्या," त्या म्हणाल्या. "मी परत गेले होते सगळ्यांकडे. जेवढ्या होत्या तेवढ्यांकडून पुन्हा लिहून घेतलं. पण दुसऱ्यांदा माणूस तसं सांगत नाही."

"तुम्ही तेव्हाच का सांगितलं नाही? तुम्हाला तर दिसलं होतं."

"तू नाही म्हणालीस," त्या म्हणाल्या. "त्या घरात तुझं 'नाही' आणि माझं 'हो', यातलं कुठलं चाललं असतं?"

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं म्हटलं नाही, आणि हाकलूनही दिलं नाही. कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढून दाखवला. आता त्या आधी हातानं लिहितात, मग टाईप करतात. निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"तुझ्या ताईला सांगितलंस?"

"हो."

"मग ती का नाही आली?"

मी म्हटलं, तिच्या मुलाला बरं नाही. मुलगा ठणठणीत होता. गाडीची वेळ झाली आहे असं सांगून मी निघाले, आणि स्टँडवर तासभर बसून राहिले.