दुसऱ्याच्या हातातला माईक

सुप्याच्या एका मॅट्रिक झालेल्या माणसाने मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो. कारण पुढे मी त्याच्यावर किती जळलो तेच जास्त येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की तो माझा वैरी होता. तसं नव्हतं. चौथीतून शाळा सुटलेला, कोकणातून इतक्या लांब आलेला मी आज इंदापुरात टिकून आहे, तो त्याच्यामुळे.

इंदापूरच्या बाजारपेठेत तेव्हा आमचं ‘टेशन’ होतं. खरं रेडिओ स्टेशन नव्हे. सायकलच्या दुकानावर एक माडी, माडीवर आवाज मोठा करायचं मशीन, माईक, तबकड्या वाजवायचा चावीचा फोनो, आणि पेठेत खांबांना बांधलेले तीन कर्णे. वीज नव्हती, सगळं मोटारीच्या बॅटरीवर. ती उतरली की एस.टी.ने बारामतीला नेऊन भरून आणायची. पण घरी आईला मी पत्र घातलं होतं, की मी रेडिओवर बोलतो. ते तिने शेजाऱ्यांकडून तीनदा वाचून घेतलं, असं उलट टपाली कळलं.

पहिले मालक सायकलवाले तात्या. त्यांना गाण्यांचा षोक. तबकड्या लावायच्या, मधूनमधून विडीची नाहीतर चहाची जाहिरात, कुणाची शेळी चुकली तर तिचा रंग सांगायचा. माझा हेल ऐकून खालून लोक ओरडत, “ए कोकण्या, नाकातनं नको बोलू, कर्ण्याला सर्दी हुईल!” हसत, पण थांबून ऐकत.

तात्यांनी ते सगळं एका कापडवाल्या शेठला विकलं. शेठनी सिनेमाची गाणी बंद केली. सकाळी अभंग, मग दिवसभर त्यांच्या दुकानातल्या लुगड्यांचे रंग. शेठ दीड वर्षात कंटाळले आणि मशीन कालव्याकाठच्या बागायतदारांनी मिळून घेतलं. त्यांचे पुढारी आबा. भाजीपाल्याचे भाव, बियाणं, खतं, वर्तमानपत्रातल्या बातम्या असं सगळं कर्ण्यावरून यावं, ही त्यांची इच्छा. पहिल्या दोन मालकांच्या वेळी माईक माझ्याकडेच राहिला होता. तिसऱ्याच्या वेळी तसं झालं नाही. वर्तमानपत्र समोर धरलं की जोडाक्षरांशी माझी जीभ अडायची.

“आवाज ब्येस हाय रं तुजा,” आबा म्हणाले, “पर वाचताना लई ठेचकाळतोस.”

आणि पंधरा दिवसांत त्यांनी सुप्याहून तो मॅट्रिकवाला आणला. माझ्याकडे तबकड्या आणि बॅटरी राहिली.

तो बोलायच्या आधी घोटभर पाणी प्यायचा. वर्तमानपत्राची चौपदरी घडी घालायचा. माईक रुमालाने पुसायचा, तेव्हा मला वाटे, मी काय त्याच्यावर थुंकत होतो? हॉटेलवाला त्याला कपबशीतून चहा पाठवू लागला, मला पेल्यातूनच. मला तो ‘तुम्ही’ म्हणे, जोडाक्षरं शिकवतो म्हणे. त्याचाही मला राग येई. बॅटरी मांडीवर घेऊन बारामतीला जाताना तिच्यातल्या पाण्याने धोतराला भोकं पडत, आणि मी मनात म्हणे, ह्याचा घसा बसू दे. एकदा बसलाही. तेव्हा आबांनी दोन दिवस टेशनच बंद ठेवलं, मला बोलू दिलं नाही. आपल्याला आता परत पाठवणार, ही धास्ती तेव्हापासून बसली. गावी जाऊन आईला काय सांगू?

मग आबांच्या मनात आलं, पेठेला लागूनच भरणाऱ्या रविवारच्या जनावरांच्या बाजाराचे भावही सांगावेत. शनिवारी मॅट्रिकवाल्याने मला विचारलं, “तुम्ही इथले जुने. जनावरांच्या बाजारात काही पथ्य पाळावं लागतं का?”

लागतं. तिथे दलाल उपरण्याखाली हात धरून बोटं दाबून भाव करतात. ठरलेला आकडा जनावर बाजाराबाहेर जाईपर्यंत कुणी तोंडाबाहेर काढत नाही. मी नवा असताना मोठ्याने भाव विचारला, तर एका दलालाने माझ्या तोंडावर तळवाच दाबला होता.

मी म्हणालो, “काही नाही. कळेल ते सांगा.”

रविवारी त्याने खाली जाऊन बावड्याच्या एका शेतकऱ्याला विचारलं. बैल नुकतेच विकलेले, माणूस खुशीत, त्याने कानात आकडा सांगितला. हा वर आला आणि गावासकट, आकड्यासकट तो कर्ण्यावरून सांगून मोकळा झाला.

बाजारातली बोलाचालच थांबली. उपरण्याखालचे हात बाहेर आले. जो तो तोच आकडा धरून बसला, आणि तसल्याच जोड्यांचे चालू असलेले तीन सौदे तिथल्या तिथे मोडले. दलाल माडीचा जिना चढून आले, आणि त्यांच्या पुढे तो बावड्याचा शेतकरी.

“आरं, माज्या घरात बी सांगितलं न्हवतं! आता सगळं पाव्हणं उसनं मागाया दारात बसत्याल, त्येंना काय सांगू?”

आबा माझ्याकडे वळले. “कोकण्या, तू हितं येवढी वर्सं हायेस. ह्याला सांगितलं न्हवतंस व्हय?”

खरं सांगितलं तर संध्याकाळच्या गाडीत बसवतील, एवढंच दिसत होतं.

“सांगितलं होतं त्यांनी,” तो म्हणाला. “माझ्याच ध्यानात राहिलं नाही.”

“मॅट्रिक हुन येवढं बी ध्यानात ऱ्हाईना?” एक दलाल म्हणाला. “ह्यो आवाज परत आला तर तारा तोडू.”

आबांनी माईक उचलून माझ्यासमोर ठेवला. मी कर्ण्यावरून बाजाराची माफी मागितली. एकदाही अडखळलो नाही. आणि लाज वाटते, पण त्या वेळी मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात मी अडतो ते शब्द पेन्सिलीने फोडून लिहून ठेवले होते. ते पाहून मी पुन्हा जळलो. इतकं चांगलं वागायला ह्याला जमतं कसं?

माईक आजही माझ्याकडे आहे. आबांना अजून खरं माहीत नाही. पण हे असंच ठेवणार नाही. आधी आबांना सांगेन. मग एका रविवारी, बाजार भरलेला असताना, कर्ण्यावरून सांगेन, की त्याने मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. आणि सुप्याला जाऊन त्यालाही घेऊन येईन. त्यानंतर मला इथे ठेवोत नाहीतर काढोत. अजून धीर होत नाही, पण त्याचं हे देणं मी फेडीन.