शहीदाचा पट

आमच्या घरी कधी बैल नव्हता. शेतच नव्हतं, तर बैल कशाला असेल? भंडारा जिल्ह्यात एकोडीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला लागून आमची वस्ती आहे. पावसाळ्यात माय दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवण्याला जायची, दिवाळीच्या सुमाराला धान कापायला, आणि उन्हाळ्यात बाबांसोबत वीटभट्टीवर. रोवण्याचं काम ज्यानं केलं नाही त्याला ते हिरवं-हिरवं सुंदर दिसतं. दिवसभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं लावायची, पाठ सरळ केली की बांधावरून मालकीण ओरडणार. संध्याकाळी मायच्या पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या असायच्या. माझा मोठा भाऊ, दादा, तेलात हळद गरम करून त्यात भरायचा. माय कण्हायची आणि वरून त्यालाच शिव्या द्यायची.

बाबा गेले तेव्हा दादा बारावीत होता आणि मी नववीत. एका घरातून दोघं कॉलेजात जाऊ शकत नाहीत, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. दादा पहाटे उठून हायवेनं धावायला लागला, फौजेच्या भरतीसाठी. बूट एका मास्तरांचे जुने, पुढून उघडलेले. मी म्हटलं, "दादा, तुझे मार्क माझ्यापेक्षा चांगले आहेत." तो म्हणाला, "म्हणूनच सांगून राहिलो. तू शिक वं, मी धावतो. तुले धावता येत नाही, लगेच रडतेस."

तो भरती झाला. त्याच्या पगारावर मी आधी साकोलीला आणि मग भंडाऱ्याला शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. चौकट करून भिंतीवर लावली आहे, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली. आज मी भंडाऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. हे सगळं मी मिरवते, असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. ज्याच्या पायांवर ही पदवी उभी आहे त्याच्याबद्दल लिहायचं, तर ती लपवून कसं चालेल?

दादा गेला ऑगस्टात, सरहद्दीवर गस्त घालताना. पोलीस पाटील बांधावर आले तेव्हा माय रोवण्यात होती. त्यांनी सांगितलं. मायनं ऐकलं, हातातली पऱ्ह्यांची जुडी पूर्ण लावली आणि मग बांधीतून बाहेर आली. गाव अजूनही म्हणतं, बाई दगडाची आहे. अर्धी जुडी टाकून बाहेर निघालं की बोलणी खावी लागतात, ही तिच्या हातांची सवय होती. हात त्या दिवशीही तेवढंच करत होते. पण गावाला दगडाची बाई सांगायला बरी वाटते.

नंतर गाड्या आल्या, मोठी माणसं आली, आमच्या वस्तीचा रस्ता एका दिवसात मुरूम टाकून सपाट झाला. भाषणं झाली. ज्या शेतकऱ्यांच्या अंगणात आम्ही कधी ओट्यावर बसलो नव्हतो, ते आमच्या दारात जमिनीवर बसले. मला तेव्हा वाटलं, दादानं खरंच काही बदललं.

दुसऱ्या वर्षी त्याचा दिवस आला तेव्हा विहारात आमच्या घरची माणसं आणि भन्ते, एवढेच होते. मी गावच्या पुढाऱ्यांना विचारलं, तर एक जण अगदी प्रेमानं म्हणाले, "बाई, ऑगस्टात कोणाले टाइम आहे? सारा गाव रोवण्यात. तुमच्या भावाची आठवण आम्ही सव्वीस जानेवारीले करू. तेव्हा सुट्टीही राह्यते, पटही राह्यतो."

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. आमच्या भागात जानेवारीत धान घरात आलं की लोक पटासाठी वेडे होतात. मधे काही वर्षं त्यावर बंदी होती. ती उठल्यावर गावानं पट पुन्हा सुरू केला आणि त्याला दादाचं नाव दिलं. चौकात मोठं बॅनर लागलं. वर दादाचा वर्दीतला फोटो, खाली दोन बैल, त्याखाली बक्षिसं देणाऱ्यांचे हसरे चेहरे. दादाचं नाव मी इथं लिहीत नाही. आधीच ते फार वापरलं गेलं आहे.

पहिल्या वर्षी मायला बरं वाटलं. तिला मंचावर खुर्ची मिळाली, शाल मिळाली, पहिली जोडी सोडायला हातात झेंडी दिली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी लोकांच्या तोंडून नाव गळलं आणि नुसता "शहीदाचा पट" उरला. पाव्हणे फोन करून विचारत, "शहीदाचा पट कधी आहे? भरीत-भाकरीचा बेत ठेवा, येऊन राहिलो." आमच्याकडच्या वांग्यांचं भरीत, पट, रात्रीचं नाटक. पाव्हण्यांना आणखी काय पाहिजे?

त्या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुट्टी, म्हणून पटही तीन दिवसांचा, आणि मायच्या हस्ते झेंडी रविवारी. मी शुक्रवारी संध्याकाळीच गावी आले. मायला वाचता येत नाही, पण पेपर तिला रोज लागतो. मी गावी असले की मी वाचायचा, नाही तर शेजारची सून. रविवारी सकाळी ती चुलीपुढे बसली आणि मी जिल्ह्याचं पान वाचायला घेतलं.

एका वाडीत बिबट कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला आणि तिथंच अडकला. एका गावात नवरदेवाची घोडी वरातीतून पळाली ती सरळ नवरीच्या मांडवात पोचली. नवरदेव मागून ऑटोनं आला. पक्षी बघायला आलेल्या हौशी लोकांची चारचाकी तलावाच्या गाळात रुतली, ती काढायला रेडे लावावे लागले. माय हसत होती. "बापा! घोडीले जास्त घाई होती," म्हणाली.

मी पुढची बातमी तिच्याच तालात वाचून गेले. मथळा होता: शहीद पटात बैल उधळले, जिलेबीची कढई उलटली.

मायचा हात भाकरीवर थांबला. "कोणाच्या पटात?"

"आपल्याच. काल."

"जिलेबीवाल्याले लागलं का?"

"नाही."

"बरं झालं." तिनं भाकर उलटली. दुसरी थापायला घेत म्हणाली, "बिबट्याची बातमी, मंग घोडीची, मंग माह्या लेकाची."

खाली कोपऱ्यात प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमांची यादी होती, त्यात शहिदांना अभिवादन, सकाळी. ते मी तिला वाचून दाखवलं नाही.

दुपारी आम्ही पटावर गेलो. मी जाऊ नको म्हणत होते, पण माय म्हणाली, "त्याच्या नावाचं आहे, मी नाही गेली तं कोण जाईल?" पांढरं लुगडं नेसून ती मंचावर बसली, मी तिच्या मागे उभी. मैदानात चिक्कार गर्दी होती. लाऊडस्पीकरवर बोलणारा माणूस दम न घेता बोलत होता. शहीदाच्या मातोश्रींचं स्वागत, रस्त्यात लावलेली मोटारसायकल कोणाची आहे ती काढा, मातोश्रींच्या हस्ते झेंडी, हरवलेलं लेकरू मंचाजवळ आहे, लाल स्वेटर. मायनं झेंडी दाखवली. जोड्या धावल्या. धूळ बसायच्या आत दुसऱ्या जोड्या.

मग एक पांढरी जोडी आली. तिचा मालक दादाचा शाळेतला मित्र. दोघं एका बाकावर बसायचे. त्याच्या घरी दहा एकर धान, आमच्या घरी काही नाही, तरी तो दादासोबत पहाटे धावायला जायचा, भरतीत निघाला नाही म्हणून रडला होता. दादाच्या अंत्ययात्रेत त्याच्याएवढं कोणी रडलं नसेल. त्यानं दूरवरून एक नामी बैल आणला होता आणि आठवण म्हणून त्या बैलाचं नाव दादाचं ठेवलं होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं असेल, पटावरच कळलं तर मायला आनंद होईल. इकडे लोक जीव लावतात त्या बैलाला देवाचं नाव देतात, पहिलवानाचं देतात. त्याच्याजवळ यापेक्षा मोठं देण्यासारखं काही नव्हतं.

लाऊडस्पीकरनं माझ्या भावाचं नाव पुकारलं. मायला वाटलं, श्रद्धांजली आहे. ती डोक्यावरचा पदर नीट करून उभी राहिली.

जोडी सुटली. अर्ध्यावर तो बैल बाजूला ओढायला लागला, आणि सारं मैदान ओरडायला लागलं. "मार गा त्याले! शेपूट पिरगळ! दे दोन!" आणि मधे मधे माझ्या भावाचं नाव. लाऊडस्पीकरवर माझा भाऊ मागे पडला, माझा भाऊ दमला, माझ्या भावात दम नाही राहिला. काही पोरं मंचासमोर नाचत तेच नाव घेऊन शिट्या मारत होती. त्यांच्यात वाईट कोणीच नव्हतं. सगळे खुशीत होते.

माय उभीच होती. पांढरे कपडे घातलेल्या एका माणसानं तिला म्हटलं, "बसा ना आजी, मागच्यांले दिसत नाही."

ती खुर्चीवर शाल ठेवून मंचावरून उतरली.

संध्याकाळी आम्ही दोघी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर गेलो. पटाची कमिटी तिथंच चहा पीत बसली होती. मी कॉलेजात शिकवते, बोलायची मला सवय आहे. मी नीट सांगितलं की पटातून माझ्या भावाचं नाव काढा. पट भरवा, खुशाल भरवा. नाव काढा.

अध्यक्ष हसले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. गावाले किती मान आहे या नावाचा! नाव काढलं तं लोक म्हणतील, कमिटीनं शहीदाचा अपमान केला."

"मी बहीण आहे. मी सांगून राहिली ना?"

"आमच्याही भावासारखाच होता."

"भावासारखा होता, तर त्याच्या दिवशी विहारात कधी आलात?"

"आता ते..." त्यांनी कपाकडे पाहिलं. "रोवणा राह्यते ना बाई."

दुसरा एक जण म्हणाला, "नाव नसलं तं परवानगीले तरास होते. देणगीवालेही हात आखडतात. शहीद म्हटलं का कोणी नाही म्हणत नाही." हा माणूस खरं बोलला. त्याचा मला राग आला नाही, उलट बरं वाटलं.

दादाचा मित्र कोपऱ्यात होता. "ताई," तो म्हणाला, "मी मायेनं ठेवलं नाव. त्याचं नाव रोज तोंडात राहावं म्हणून. सकाळी गोठ्यात गेलो का पहिले त्यालेच हाक मारतो."

मी मायकडे पाहिलं.

माय त्याच्याजवळ गेली. ती म्हणाली, "बाबू, तुह्या गोठ्यात त्याले चारा भेटते, मले माहीत आहे. पण आज सारा गाव त्याले मारा म्हणत होता आणि मी आयकत होती. ते नाव मी ठेवलं होतं. कोणाले मांगून नाही ठेवलं. आता मले वापस पाहिजे."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू, माय." मायनं विचारलं, "पुढच्या वर्षी कायले? बॅनर तं आताच लागून आहे."

सोमवारी सकाळी शाळेत झेंडावंदन झालं. तिला खुर्ची ठेवली होती, पण ती पोरांच्या मागे उभी राहिली. राष्ट्रगीत झालं, सलामी झाली, पोरांना बुंदी वाटली. झेंड्याशी तिचं काही भांडण नव्हतं. मैदानावर पटाचा तिसरा दिवस सुरू झाला तेव्हा आम्ही घरी होतो. लाऊडस्पीकर वस्तीपर्यंत ऐकू येत होता, म्हणून मी दार लावलं. भरीत खायला आलेले पाव्हणे बाहेर उन्हात बसून विचारत होते, यंदा पहिला नंबर कोणाचा.

त्यानंतर मी पिच्छा सोडलाच नाही. दर शनिवारी गावी आले की अध्यक्षांच्या दारात जायची. ते मला पाहून मागच्या दारानं निघायला लागले, मग मी मागच्या दारात उभी राहायची. कोणी म्हणालं, शिकल्यामुळे माजली. कोणी म्हणालं, वस्तीतली असून गावाच्या पटाला आडवी आली. ते मी ऐकलं आणि पाठ करून ठेवलं. मायला म्हणाले, तुझी पोरगी गावाचं नाव घालवून राहिली. माय म्हणाली, "गावाचं ठेवा तुमाले. आमचं आमाले द्या."

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा सगळ्यांत आधी दादाचा मित्रच उठला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी बैलाचं नाव बदललं आहे. तुमीही बदला." आणि खाली बसला. त्यानं आमच्याशी बोलणं टाकलं आहे. रस्त्यात भेटला तर सायकल वळवतो. दादाच्या नावानं रडणारा एक माणूस आम्ही गमावला, हेही मला ठाऊक आहे.

या ऑगस्टात दादाच्या दिवशी मी सुट्टी टाकून गावी आले. रोवणा चालू होता. सकाळी विहारात वंदना झाली, आम्ही घरचेच होतो. त्यानंतर माय रोवण्याला गेली. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. दुपारी भाकर बांधून मी बांधावर गेले. बायका चिखलात उभ्याच होत्या, कोणी काम थांबवलं नव्हतं. त्यांच्यातली एक मायला विचारत होती, "लहानपणी कसा होता वं तो?" आणि माय वाकूनच पऱ्हे लावत लावत सांगत होती, म्हशीची शेपटी पाहून भिणारा, हळद तापवणारा, बहिणीला रडकी म्हणणारा. मालकीण बांधावर होती. ओरडली नाही.

आता चौकात जानेवारीच्या पटाचं नवं बॅनर लागलं आहे. त्यावर दोन बैल आहेत आणि देणगी देणाऱ्यांचे फोटो आहेत. माझ्या भावाचं नाव त्यावर नाही.