खुडताईची कात्री

सकाळपासून वाऱ्याने उच्छाद मांडला होता. प्रयोगशाळेच्या पत्र्याचा एक कोपरा सुटून धाडधाड आपटत होता. आत खुडताई बर्फातून एकेक खेकडा काढून त्याचे डोळे कापत होती.

खेकड्याचा डोळा देठावर असतो आणि त्या देठात एक इवलीशी ग्रंथी. तिचा रस रक्तात उतरतोय तोवर खेकडा कवच टाकत नाही. देठ कापला की थोड्याच दिवसांत कवच फुटतं आणि आतून लोण्यासारखा मऊ जीव बाहेर येतो. तो रस शरीराला नेमका काय हुकूम सोडतो, याच्यामागे प्रयोगशाळेच्या मॅडम उभी हयात लागलेल्या. शेजारच्या खोलीत झुरळांच्या मेंदूतून तसलंच काहीबाही काढायचे. शास्त्रात कामाचं नाव काहीही असो, इथे सगळे त्याला ‘खुडणं’ म्हणायचे, भाजी खुडावी तसं. म्हणून ही खुडताई.

“ताई, स्वप्नात येत नाहीत का हो हे?” झुरळवाला विचारायचा.

“येतील कसे? वाट दिसायला नको त्यांना?”

आज मात्र तिचे कान दाराकडे होते. तिची पोरगी काल नवऱ्याकडून पळून आली होती. गाल फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून तिला पंपाच्या खोलीत जाळ्या धुवायला बसवलं होतं.

जावई दारावर लाथ घालूनच आत आला.

“आई, कुठंय ती?”

“या जावईबापू. चपला तेवढ्या बाहेर काढा.”

“मुकाट्याने पाठवा तिला.”

“मुकाट राहूनच तिचं थोबाड फुटलंय.”

त्याने टेबल उलथवलं. नुकतेच खुडलेले खेकडे फरशीभर सांडले. बर्फाची गुंगी उतरलेले, आंधळे, नांग्या उगारलेले. आंधळा खेकडा हाताला लागेल ते धरतो. एकाने जावयाच्या पायाचा अंगठा धरला. बोंब मारत त्याने पाय भिंतीवर आपटला, कवच फुटलं, निळसर रक्त भिंतीवरून ओघळलं. मग लोखंडी स्टूल उचलून तो दिसेल तो खेकडा ठेचत सुटला. खुडताई आडवी गेली, तर तेच स्टूल तिच्या कपाळावर बसलं.

आवाज ऐकून पोरगी धावत बाहेर आली. त्याने तिचे केस मुठीला गुंडाळले आणि दाराकडे फरफटत नेलं. वाटेत तिचं डोकं टाकीच्या कडेवर आपटलं.

खुडताई उठली. रक्ताने एक डोळा भरला होता, दुसऱ्याने दिसत होतं. केसांत रुतलेल्या मुठीची करंगळी तिने कात्रीत धरली.

“सोड.”

“ए म्हातारे—”

“सोड, नाहीतर खुडते.”

तो हसला आणि मूठ आणखी आवळली.

देठ कापताना कात्री आधी कवचावर जरा घसरते, मग कर्रकन आत जाते. बोटाचंही तसंच झालं.

मूठ उघडली. झुरळवाला आणि पहारेकरी धावत आले. हात पोटात दाबून गुरासारख्या ओरडणाऱ्या जावयाला त्यांनी बाहेर ओढलं.

दारात उभ्या मॅडमचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. “पोलिसांना बोलवावं लागेल, ताई. ही कात्रीही द्यावी लागेल.”

“द्या. दुसरी काढा कपाटातून, अर्धे राहिलेत अजून. आणि मला आत टाकलं, तर ही तुमच्याकडे राहील. आधी हो म्हणा.”

मॅडमने पोरीकडे पाहिलं. “राहील.”

“आई, तो परत येईल गं,” पोरगी म्हणाली.

“येऊ दे. तू जाणारेस का?”

पोरीने ओंजळीत आलेले तुटके केस खाली टाकले.

“नाही.”

“मग बघत काय बसलीस? डबे आण.”

उरलेल्यांना वेगवेगळं ठेवायला हवं होतं. एकत्र राहिले की कवच टाकणाऱ्याला बाकीचे जिवंत फाडून खातात. खुडताईने कपाळाला फडकं करकचून बांधलं, उलथलेल्या टेबलाआड वाकली आणि पहिला खेकडा मागच्या बाजूने धरून उचलला.